पहाऱ्याचा खडक

मुरूडला आपण जातो ते जंजिरा बघायला, ताजी मासळी हाणायला आणि दोन दिवस फोन सायलेंटवर टाकायला. आम्ही मात्र या वेळी गेलो एका बुडालेल्या बोटीच्या शोधात. गंमत म्हणजे ती बोट कोणती, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ऑफिसमधला शुक्रवार. घड्याळात सहा वाजून गेलेत, बॉस अजून केबिनमध्ये आहे आणि प्रत्येक जण काहीतरी भयंकर महत्त्वाचं करत असल्यासारखा स्क्रीनकडे बघतोय. हे चित्र तुमच्याही ऑफिसातलं असणार, पैज लावते.

फरक एवढाच की आमच्या स्क्रीनवर समुद्र असतो. आमचं काम लॉजिस्टिक्सचं. कुणाचा कंटेनर कुठे अडकला, कोणतं जहाज न्हावा-शेव्याला कधी लागणार, याचा हिशेब ठेवायचा. नकाशावर प्रत्येक जहाज म्हणजे एक रंगीत बाण. बाणावर क्लिक केलं की नाव, देश, वेग, कुठून आलं, कुठे चाललं, सगळी कुंडली समोर.

शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण मूळची मुरूडची. मी सहज म्हटलं, "तुझ्या गावासमोर बघ काय ट्रॅफिक लागलंय!"

ती वाकून बघत म्हणाली, "माझे पणजोबा तिथेच कुठेतरी आहेत."

मला वाटलं, जोक मारतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. "बोटीवर होते. पहिल्या जर्मन लढाईत गेले. बोट फुटली म्हणतात, आणि तीही घराच्या समोरच. एवढंच माहितीये आमच्याकडे."

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते फ्रान्समधले चिखलाने भरलेले खंदक. रायगडच्या किनाऱ्यावर, जिथे आपण बनाना राइडवर आरडाओरडा करतो, तिथे कसली आलीय जर्मन लढाई? प्रत्येक घरात एखादी दंतकथा असतेच, तसंच काहीतरी असणार. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढचे आठ-दहा दिवस लंच टाइममध्ये डबा एका हाताने आणि जुन्या जहाजांच्या याद्या दुसऱ्या हाताने, असा उद्योग सुरू झाला.

ती दंतकथा नव्हती.

पाण्यातले पहारेकरी

फेब्रुवारीतला शनिवार मुद्दाम निवडला. का, ते पुढे कळेलच. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोमध्ये चढलो आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. अलिबागच्या आधी थळला गाडी वळवली. किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर पाण्यात खांदेरी-उंदेरीची जोडी.

खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी बांधायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मुंबई बंदराच्या दारातच मराठ्यांचा पहारा बसणार होता! त्यांनी गलबतं पाठवून बघितली, पण आपल्या छोट्या होड्यांनी त्यांना दमवलं. शेजारच्या उंदेरीवर मग सिद्दीने ठाण मांडलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यांत हे खांदेरी आहे.

आणि हे एकटं नाही. पुढे अलिबागला कुलाबा किल्ला, रेवदंड्याची खाडी ओलांडली की पोर्तुगीजांचं कोर्लई, मुरूडसमोर पद्मदुर्ग आणि राजपुरीजवळ जंजिरा. या किनाऱ्यावर समुद्रातून डोकं काढणारा खडक सापडला रे सापडला, की कुणी ना कुणी त्यावर पहारा बसवलाच आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक नाव. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात 'हान्सा' नावाची एक जहाज कंपनी होती. तिच्या बोटी हिंदुस्थानच्या बंदरांत नेहमी यायच्या. आपण पोरांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतो, तशी ही कंपनी बहुतेक बोटींच्या नावाला 'फेल्स' लावायची. फेल्स म्हणजे खडक किंवा कडा. १९१३ मध्ये तिने एक साधी मालवाहू बोट पाण्यात सोडली. नाव 'वाख्तफेल्स'. वाख्त म्हणजे पहारा.

पहाऱ्याचा खडक! थळच्या वाळूत उभं राहून मी हे मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे खांदेरीच की!"

हो. फक्त हा खडक चालत आला होता आणि पहारा चुकवून आला होता.

लांडगा

युद्ध सुरू झाल्यावर जर्मन नौदलाने वाख्तफेल्स ताब्यात घेतली आणि तिचा पार मेकओव्हर केला. बाहेरून तीच जुनी, कंटाळवाणी मालवाहू बोट. वेग जेमतेम, ताशी दहा-अकरा सागरी मैल. पण कठड्याच्या खोट्या फळ्या खाली पाडल्या की आतून तोफा बाहेर. धुराडं आणि डोलकाठ्या कमी-जास्त उंच करता यायच्या, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला दर वेळी वेगळीच बोट वाटावी. पोटात साडेचारशेच्या वर पाणसुरुंग. शिवाय टेहळणीसाठी पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान. बोटीचं नवं नाव 'वुल्फ', म्हणजे लांडगा. आणि विमानाचं नाव काय? लांडग्याचं पिल्लू.

कप्तान कार्ल नेर्गर. साडेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन हा लांडगा ३० नोव्हेंबर १९१६ ला कील बंदरातून निघाला. उत्तरेकडून ब्रिटिश आरमाराला वळसा घालत अटलांटिकमध्ये आला, आफ्रिकेच्या टोकाशी सुरुंग पेरले, कोलंबोसमोर पेरले आणि मग वर वळला, मुंबईकडे.

नेर्गरने एक नियम काटेकोर पाळला. वायरलेसवर दुसऱ्यांचं सगळं ऐकायचं, स्वतः मात्र तोंड उघडायचं नाही. आमच्या ऑफिसच्या स्क्रीनवर आज शेकडो जहाजं दिसतात, कारण प्रत्येक जहाज सतत 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं सांगत असतं. वुल्फ त्या स्क्रीनवर दिसलीच नसती.

फेब्रुवारी १९१७ चा तिसरा आठवडा. मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींच्या वाटेवर वुल्फने रात्रीच्या अंधारात सुरुंग सोडले आणि ती गुपचूप निघून गेली. मी फेब्रुवारी निवडला तो यासाठी. या दिवसांत आपला समुद्र कसा असतो ते मला बघायचं होतं. थळला तो थाळीतल्या पाण्यासारखा पडून होता. याच्यात काही लपलेलं असेल, असं कुणालाही वाटलं नसतं.

पाणसुरुंग म्हणजे सिनेमात दिसतो तो शिंगंवाला लोखंडी गोळा. तो तरंगत फिरत नाही. खाली तळाला वजन, वजनाला तार आणि तारेच्या टोकाला हा गोळा, पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही फुटांवर बांधलेला. वरून दिसत नाही, पण मोठ्या बोटीचं पोट बरोबर तेवढ्या खोलीवर असतं. त्या शिंगांवर मऊ शिशाचं आवरण आणि आत काचेची नळी, तिच्यात आम्ल. बोट घासली की शिंग वाकतं, काच फुटते, आम्ल खाली जाऊन बॅटरी सुरू होते आणि स्फोट. कुणी बटण दाबायला नको, कुणी जागं राहायला नको. पेरणारा हजारो मैलांवर असला तरी चालतं. युद्ध संपलं, हेही सुरुंगाला कळत नाही.

एकाच घरच्या दोघी

मुंबईहून निघाल्यावर काही दिवसांतच, २७ फेब्रुवारीला, वुल्फला अरबी समुद्रात एक ब्रिटिश तेलवाहू बोट सापडली. नाव 'टरिटेला'. जर्मन खलाशी तिच्यावर चढले आणि चक्रावले. कारण ही बोट मुळात त्यांच्याच घरची! तिचं पहिलं नाव 'गुटनफेल्स', कंपनी तीच, ब्रेमेनची हान्सा. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती इजिप्तमध्ये अडकली, इंग्रजांनी जप्त केली आणि नाव बदलून स्वतःच्या कामाला लावली.

नेर्गरने तिचं पुन्हा बारसं केलं, 'इल्टिस'. थोडे सुरुंग देऊन तिला एडनला धाडलं. तिने एडनसमोर ते पेरलेही. पण ५ मार्च १९१७ ला एका ब्रिटिश युद्धनौकेने तिला हटकलं आणि तिच्यावरच्या जर्मनांनी स्वतःच्या हाताने तिला बुडवलं. माल वाहून नेण्यासाठी बांधलेली बोट. आधी जर्मन, मग इंग्रज, मग पुन्हा आठवडाभर जर्मन आणि शेवटी तळाला. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"माणसांचंही तेच झालं असेल," मैत्रीण म्हणाली. आम्ही तेव्हा रेवदंड्याचा पूल ओलांडत होतो. मी काही बोलले नाही.

पावसाचे दिवस होते

काशीदला थांबायचा मोह आवरला, कारण मुरूडला चाचा जेवायला वाट बघत होते. चाचा म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांचे थोरले भाऊ. स्वतःही तीस वर्षं बोटीवर काढलेले, आता नारळाच्या वाडीत खुर्ची टाकून समुद्राकडे पाठ करून बसतात. "आयुष्यभर बघितला, आता काय त्याला बघायचं?"

सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वर सोलकढी. पोट तट्ट फुगल्यावर मी विषय काढला.

"चाचा, पणजोबांची बोट कोणती होती?"

"आमचे वडील सांगायचे तेवढं सांगतो," ते म्हणाले. "माझे आजोबा साहेबाच्या बोटीवर खलाशी. दादीला दर महिन्याला मनीऑर्डर यायची. एका वर्षी पावसाचे दिवस होते. मनीऑर्डर आली नाही. मग एक कागद आला, इंग्रजीतला. घरात वाचणारं कोण? मास्तरांकडे नेला. ते म्हणाले, बोट फुटली, मुंबईजवळच, आपल्या समोरच्याच पाण्यात."

"तो कागद?"

"होता २०२० पर्यंत. पत्र्याच्या ट्रंकेत. निसर्ग वादळात छप्पर गेलं, ट्रंकेत पाणी भरलं. लगदा झाला."

पावसाचे दिवस होते. मी वही उघडली. फेब्रुवारीत पेरलेलं पीक उगवलं ते बरोबर पावसाळ्याच्या तोंडावर. ११ जून १९१७ ला 'सिटी ऑफ एक्झिटर' ही बोट सुरुंगावर आदळली, पण ती कशीबशी मुंबईला पोहोचली. त्याच महिन्यात 'क्रॉक्स्टेथ हॉल' ही ब्रिटिश मालवाहू बोट बुडाली. 'उंकाई मारू' ही जपानी बोट बुडाली. २९ जुलैला 'ओखला' बुडाली.

आणि मध्ये, २३ जूनला, सगळ्यांत मोठी. पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया'. साडेनऊ हजार टनांची प्रवासी बोट, १९०३ मध्ये बांधलेली. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा'मधला फिलियस फॉग ज्या मंगोलियातून मुंबईला येतो, तिचंच नाव असलेली, पण नंतरची बोट. मुंबईच्या दक्षिणेला ५० मैलांवर तिच्याखाली सुरुंग फुटला आणि ती बुडाली. वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत हिंदी खलाशी होते. नकाशावर मुंबईपासून किनाऱ्याकिनाऱ्याने ५० सागरी मैल खाली मोजून बघा. बोट येऊन थांबते ते मुरूड-श्रीवर्धनच्या समोरच्या पाण्यात.

"म्हणजे मंगोलियाच!" मैत्रीण एकदम म्हणाली.

चाचांनी मान हलवली. "असेल. नसेलही. मास्तर काय वाचले ते मास्तरांना माहीत. आणि 'आपल्या समोर' म्हणजे दादीला समजवायला सांगितलं असेल. लांब गेला म्हणण्यापेक्षा समोर आहे म्हटलेलं बरं."

मग ते बोटीवरची उतरंड सांगायला लागले, जी त्यांनी स्वतःही बघितली होती. मुंबईहून सुटणाऱ्या साहेबाच्या बोटींवर कामं वाटलेली असायची. डेकवरचे खलाशी कोकणातले, गुजरातच्या किनाऱ्यावरचे. खलाशाचा तांडेल व्हायचा, तांडेलाचा सारंग. खाली बॉयलरपाशी कोळसा लोटणारे आगवाले पंजाबातले, सरहद्दीकडचे. आणि वर सलूनमध्ये पांढऱ्या कपड्यात बटलर गोव्याचे. इंग्रज या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरायचे, लास्कर. वर संध्याकाळचा बँड आणि डिनर, खाली आगीशी झुंज. सुरुंग फुटतो तो पाण्याखाली. म्हणजे तो आधी कुणाला गाठणार?

"जर्मनांशी आमचं काय भांडण होतं, सांग बेटा," चाचा म्हणाले. "इकडे मुरूड तर नवाबाचं. इंग्रजाचंही नाही."

हेही खरंच. १९१७ मध्ये मुरूड जंजिरा संस्थानात होतं आणि अलिबाग इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. आज दोन्ही रायगड जिल्ह्यात, एकाच एसटीच्या वाटेवर.

सिनेमा कुणाचा होतो?

संध्याकाळी मुरूडच्या बीचवर बसलो. उजवीकडे घोडागाडीवाले, पाठीमागे भेळेची गाडी, समोर पद्मदुर्गावर उतरणारा सूर्य. टिपिकल फोटो. तिथे मी मैत्रिणीला हान्सा कंपनीच्या दुसऱ्या एका बोटीची गोष्ट सांगितली, कारण ती कदाचित तुम्हीही ऐकली असेल.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हान्साच्या तीन बोटी गोव्याच्या मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबल्या. 'एरनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि 'ड्राखनफेल्स'. पुन्हा तेच फेल्स. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे इंग्रजांना हात लावता येईना. एरनफेल्सवरून पाणबुड्यांना वायरलेसने खबरा जातात, असा त्यांना संशय होता. शेवटी ९ मार्च १९४३ च्या रात्री एका गाळाच्या बार्जमधून काही माणसं आली. ती कोण, तर कलकत्त्याच्या कंपन्यांमधले मध्यमवयीन इंग्रज साहेब, हौशी घोडदळात नाव घातलेले. म्हणजे आपल्यासारखीच ऑफिसातली मंडळी! त्यांनी एरनफेल्सवर हल्ला चढवला, तिचा कप्तान मारला गेला. जर्मनांनी आपल्या बोटी स्वतःच बुडवल्या. 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हनला घेऊन 'द सी वुल्व्हज' हा सिनेमा.

"मस्त आहे गोष्ट," मैत्रीण म्हणाली. आणि मग, "आमच्या बोटीवर सिनेमा नाही."

नाही. इथे तर साधी पाटीही नाही. नेर्गर २४ फेब्रुवारी १९१८ ला कीलला परतला. ४५१ दिवस एकाही बंदरात पाऊल न ठेवता! पकडलेल्या बोटींवरचे चारशेच्या वर कैदी बरोबर होते. जर्मनीत त्याचं जंगी स्वागत झालं, सर्वोच्च पदक मिळालं. युद्धानंतर वुल्फ फ्रान्सकडे गेली, 'अँतिनूस' या नावाने पुन्हा साधा माल आणि माणसं वाहू लागली आणि १९३१ मध्ये भंगारात निघाली. सगळ्याची नोंद आहे. कुठल्या तारखेला कुठे होती, सगळं.

या किनाऱ्याला बुडालेल्या बोटी लक्षात राहत नाहीत, असंही नाही. 'रामदास' विचारा, कुणीही सांगेल. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, गटारीचा दिवस, सहाशेहून जास्त माणसं. आजही अलिबागकडच्या घरांत पाऊस सुरू झाला की तिचा विषय निघतो. कारण तिच्यातले प्रवासी घरी परत येत होते. त्यांची वाट बघणारे धक्क्यावर उभे होते. मंगोलिया मात्र साहेबाची बोट. तिच्यातही कुणाची वाट बघणारं कुणी होतं, पण ते एकेका घरात, एकेका गावात, वेगवेगळं. सगळ्यांनी मिळून रडावं अशी जागाच नव्हती.

अंधार पडला. क्षितिजावर दिवे लागले. न्हावा-शेव्याला नंबर लागण्याची वाट बघणाऱ्या बोटी. सवयीने मी मोबाइलवर नकाशा उघडला. एकेका दिव्याचं नाव कळलं, देश कळला. खलाशांची नावं तिथेही नसतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. रोज आठ तास मी तो नकाशा बघते.

मस्जिद बंदर, सोमवार

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटपर्यंत मैत्रिणीला सांगितली नव्हती. उगाच आशा लावायची आणि तिथे काही नसायचं, या भीतीने.

सोमवारी लंच टाइमला तिला घेऊन मस्जिद बंदरला गेले. स्टेशनबाहेर हातगाड्या, मसाल्याचा वास, गोणी डोक्यावर घेऊन पळणारे हमाल. त्या गर्दीच्या जवळच इंडियन सेलर्स होम आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज हार्बर लाइनने त्याच्या जवळून जातात. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त जणांची नावं. दुसऱ्या महायुद्धातल्यांचं स्मारक वेगळं, तेही तिथेच, आणि त्यातली नावं काही हजार.

आम्ही बोट फिरवत वाचत गेलो. नावं, नावं आणि नावं. हसन, इब्राहिम, अब्दुल, फर्नांडिस, डिसोझा, लक्ष्मण, गोविंद. आमच्या ऑफिसच्या हजेरीपटासारखी. कुणी सारंग, कुणी आगवाला, कुणी भंडारी.

अर्ध्या तासाने मैत्रीण थांबली. पणजोबांचं नाव होतं.

मग थोडं पुढे पुन्हा तेच नाव. आणि आणखी एकदा. एकाच नावाची तीन माणसं. यातले तिचे कोणते? कागद असता तर बोटीचं नाव कळलं असतं आणि उत्तर मिळालं असतं. पण कागद वादळात गेला.

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. बॉसचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून तिने तिन्ही नावांचे फोटो चाचांना पाठवले आणि खाली लिहिलं, "यातले आपले कोणते, ते कळत नाही."

लोकल भायखळ्याला पोहोचेपर्यंत उत्तर आलं नाही. मग फोन वाजला. तिने वाचलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

चाचांनी लिहिलं होतं, "हरकत नाही. तिघांसाठी फातिहा पढतो."

कसं जाल?
भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाडीसह रो-रो सेवा आहे. भर पावसात निघणार असाल तर फेरी चालू आहे का, ते आधी विचारा. मांडवा-अलिबाग-रेवदंडा-कोर्लई-काशीद-मुरूड हा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता. खांदेरी-उंदेरी थळच्या किनाऱ्यावरून छान दिसतात. जंजिऱ्याला राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होड्या सुटतात, पावसाळ्यात त्या बंद असतात. आणि मुंबईत कुठल्याही दिवशी तासभर रिकामा असेल तर मस्जिद बंदरचं सेलर्स होम. ती राहती वास्तू आहे, त्यामुळे आधी दारावर विचारा, मगच आत जा.